खर्जाची पेटी

दोस्तांनो, आज तुम्हाला दोन कोजागिऱ्यांची गोष्ट सांगणार आहे. गच्ची तीच, आटीव दूध तेच, वाजवणारी मुलंही तीच. फरक एवढाच, की पहिल्या कोजागिरीला एक वाद्य कुणालाच ऐकू आलं नाही आणि दुसऱ्या कोजागिरीला ते सगळ्यांना ऐकू आलं. हे कसं घडलं ते वाचा. वाचता वाचता थोडं विज्ञान कळेल, आणि हात शिवशिवले तर एक वस्तूही करून पाहता येईल.

माझी पुतणी मिरजेला असते. नववीत आहे. तिच्या मावसभावानं आपली जुनी बास गिटार तिला देऊन टाकली. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. गाण्याची चाल ती वाजवत नाही. ती खालचा सूर धरून ठेवते. आपल्याकडे गाण्यातल्या सगळ्यात खालच्या, घुमणाऱ्या सुरांना आपण खर्ज म्हणतो ना, तेच बास गिटारचं काम.

पुतणीच्या तीन मित्रमैत्रिणींपैकी एक बासरी वाजवतो, एक साधी गिटार आणि एक ढोलकी. चौघांनी महिनाभर तालीम केली आणि कोजागिरीला गच्चीवर चार गाणी वाजवली. पुतणीकडे मुठीत मावेल एवढा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर होता. तिनं बोटं सोलेपर्यंत तारा छेडल्या. कार्यक्रम संपला, टाळ्या झाल्या, दुधाचे पेले फिरू लागले. तेवढ्यात शेजारच्या काकू तिच्याजवळ येऊन मायेनं म्हणाल्या, “अगं, तू नुसतीच हातात धरून बसलीस. वाजवलं का नाहीस गं?”

पोरगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिचा फोन आला. “काका, मी बास सोडून देते. ऐकूच येत नाही तर वाजवायचं कशाला?”

खर्ज हरवतो कुठे?

आता तुम्हीच सांगा, काकूंचं काही चुकलं का? मुळीच नाही. खर्ज खरोखरच हरवला होता. त्याची कारणं तीन.

पहिलं कारण आपले कान. बास गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. इतक्या सावकाश थरथरीला आपले कान फार मंद असतात. बासरीचा बारीक सूर जितक्या सहज ऐकू येतो, तितक्या सहज खर्ज येत नाही. तो ऐकू यायला खूप जास्त जोर लागतो.

दुसरं कारण हवा. आवाज म्हणजे हवेला दिलेला धक्का. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. सूर एक सप्तक खाली गेला, की तेवढ्याच जोराचा आवाज काढायला त्याच पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. दोन सप्तकं खाली गेला तर सोळा पट! मुठीएवढ्या डब्यातला इवलासा पडदा एवढा हलणार कसा? तो आपला जागच्या जागी खरखरतो.

तिसरं कारण वाद्याचं स्वतःचं. साध्या गिटारला पोट असतं, पोकळ लाकडी पेटी. तार थरथरली की पेटी थरथरते, पेटीतली हवा थरथरते आणि आवाज भरदार होतो. विजेवर चालणाऱ्या बास गिटारचं अंग बहुधा भरीव लाकडाचं असतं. तिला पोटच नाही! म्हणून तिला बाहेरून पोट जोडावं लागतं.

भोपळा, घुमट आणि चहाचं खोकं

खर्जाला पोट लागतं, ही गोष्ट माणसाला फार पूर्वी कळली आहे. मिरजेचे तंबोरे प्रसिद्धच आहेत. तंबोऱ्याचा तो मोठा गोल भोपळा शोभेसाठी नसतो, तो सुराला हवा पुरवतो. गोव्यात घुमट वाजवतात. मातीच्या मडक्याच्या एका तोंडावर कातडं ताणलेलं, दुसरं तोंड उघडं. थाप मारली की मडक्यातली हवा घुमते. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला.

आता जरा दूर जाऊ. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांना गिटार वाजवून गाण्याचं वेड लागलं होतं. पण खर्जासाठी लागणारा डबल बास माणसाएवढा उंच आणि भारी किमतीचा. पोरांनी काय करावं? भारतातून, श्रीलंकेतून चहा ज्या प्लायवुडच्या खोक्यांतून जायचा, तसलं रिकामं खोकं पालथं घातलं. त्यावर केरसुणीचा दांडा उभा केला, दांड्याच्या टोकापासून खोक्यापर्यंत एक दोरी ताणली. दांडा मागे ओढला की दोरी ताणते आणि सूर चढतो, ढिला सोडला की उतरतो. झाला बास तयार!

लिव्हरपूलमधल्या क्वारीमेन नावाच्या पोरांच्या चमूतही असा चहाच्या खोक्याचा बास होता. ६ जुलै १९५७ रोजी या चमूनं एका चर्चच्या जत्रेत वाजवलं. त्या दिवशी चमूतल्या जॉन लेननची आणि पॉल मॅकार्टनी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाची पहिली भेट झाली. पुढे हे दोघं बीटल्समुळे जगभर गाजले, आणि बीटल्सचा बास वाजवणारा कोण? हाच पॉल!

अमेरिकेत याच प्रश्नावर दुसऱ्या बाजूनं काम चाललं होतं. एव्हरेट हल या बासवादकानं १९४६ च्या सुमाराला डबल बासच्या पायाशी असते त्या खुंटीवर माइक बसवून तो वाद्याच्या पोटात सोडला. खुंटीला इंग्रजीत पेग म्हणतात. ‘ॲम्प्लिफाइड पेग’ म्हणजे आवाज वाढवणारी खुंटी. त्यावरूनच त्याच्या कंपनीचं नाव पडलं ॲम्पेग. १९५१ साली लिओ फेंडर यानं भरीव लाकडाची बास गिटार बाजारात आणली. माणसाएवढं धूड गळ्यात अडकवण्याएवढं झालं. पण पोट गेलं ना! ते बाहेर आलं, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या पेटीच्या रूपानं. म्हणजे वाद्य हलकं झालं आणि पेटी जड झाली.

आमच्या पुतणीला हवी होती ती जड नसलेली पेटी. गच्चीवर प्लग नाही, उचलून जिना चढायचा आणि साथीला असलेल्या बासरीचा गळाही दाबायचा नाही.

पुठ्ठ्याची जादू

मी मिरजेला गेलो तेव्हा पिशवीत एक जुना, मोटारीतला सहा इंची स्पीकर घेऊन गेलो. पेटी कशाला लागते हे आधी पोरांना दाखवायचं होतं. हा प्रयोग तुम्हीही करा.

सुटा स्पीकर घ्या आणि त्यावर एखादं धीरगंभीर गाणं हळू आवाजात लावा. आवाज पातळ, पत्र्यासारखा येईल. आता एका मोठ्या जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं गोल भोक पाडा आणि स्पीकर त्या भोकाला घट्ट दाबून धरा. अरेच्चा! खर्ज कुठून आला?

गंमत अशी आहे. पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची दाबलेली हवा कडेनं वळून मागची पोकळी भरायला पळते. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना खाऊन टाकतात. खालच्या सुरांच्या लाटा लांबलचक असतात. ४१ कंपनांच्या सुराची एक लाट सव्वाआठ मीटर लांब! तिला एवढ्याशा स्पीकरला वळसा घालणं म्हणजे काहीच नाही. बारीक सुरांच्या लाटा काही सेंटिमीटरच्या असतात, त्यांना हे जमत नाही. म्हणून सुट्या स्पीकरमधून खर्ज तेवढा गायब होतो. पुठ्ठा म्हणजे मधला बांध. आणि चारही बाजूंनी बंद पेटी म्हणजे फट नसलेला बांध.

तीन फसलेले प्रयोग

पोरांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती कामाला लागली. लगेच जमलं असं मात्र समजू नका.

सुरुवातीला ढोलकीवाल्यानं घरचा ब्लूटूथ स्पीकर आणला. “काका, पेटी कशाला? हा बघा तयार!” बास मोबाइलला जोडली आणि मोबाइलमधून आवाज स्पीकरला पाठवला. आवाज आला, पण पुतणी सारखी तालाच्या मागे पडू लागली. दोष तिचा नव्हता. ब्लूटूथवरून आवाज पोचायला बऱ्याचदा सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो. गाणं ऐकताना ते कळत नाही. पण हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. हिशेब करा, एवढा उशीर म्हणजे तुमचा स्पीकर पन्नास मीटर लांब, शेजारच्या गल्लीत ठेवल्यासारखा! वाजवायचं असेल तर वायरच हवी.

मग तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा आला. त्यात स्पीकर बसवला. एक विशिष्ट सूर आला की अख्खा डबा झणझणायचा, बाकीचे सूर मुके. पातळ पत्र्याला स्वतःचा एक लाडका सूर असतो, तो आला की पत्रा आपलंच गाणं गातो.

त्यानंतर हापूस आंब्याची लाकडी पेटी. लाकूड बरं, पण पट्ट्यांमध्ये बोटभर फटी! पुढची हवा मागे, मागची पुढे. बांधच फुटलेला. पोरांनी जुनी वर्तमानपत्रं आणि खळ लावून फटी बुजवल्या, तेव्हा खर्ज थोडा उगवला. म्हणजे वाट बरोबर होती, पेटी कच्ची होती.

शेवटी कोपऱ्यावरच्या सुताराकडून १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे उरलेसुरले तुकडे आणले. आतून ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे ३० लिटरची पेटी झाली. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूनं आवळले. आत जुन्या उशीतला कापूस भरला, म्हणजे आतल्या आत आपटणारा आवाज तिथेच जिरतो. वर एक कडी लावली. उचलून जिना चढता येतो का, हे पुतणीनं तीनदा चढून पाहिलं.

आजोबांची जवारी

पेटी झाली. पोरांनी आवाजाचं बटण कचकन पूर्ण फिरवलं. स्पीकर धापा टाकू लागला, बासरी बुडाली आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून वर आले. आता रागावणार असं वाटलं. पण आजोबांचं आयुष्य तंबोरे बनवण्यात गेलेलं. ते पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “बाळांनो, खर्ज ऐकू आला पाहिजे. खर्जच ऐकू येता कामा नये.”

मग त्यांनी घरातला तंबोरा आणवला. तारेखाली, घोडीवर एक सुताचा बारीक दोरा असतो. आजोबांनी तो काढून तार छेडली. सूर बुटका, मंद. मग दोरा घालून जरासा सरकवला आणि पुन्हा तार छेडली. तीच तार, तोच जोर, पण सूर झंकारत गच्चीभर पसरला. याला जवारी लावणं म्हणतात.

यात काय होतं? कुठलीही तार एकच सूर देत नाही. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही ती हळूच देते. जवारीमुळे हे वरचे सूर उजळतात. आणि आपला मेंदू मोठा हुशार! ८२, १२३, १६४ अशी ओळ त्याला ऐकू आली, की तो समजतो, ‘हा ४१ चा सूर आहे.’ मूळ सूर फार मंद असला तरी तो मनातल्या मनात ऐकतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला खरा खर्ज काढताच येत नाही, तरी गाण्यातली बासची चाल तुम्हाला त्यावर बरेचदा ओळखू येते, ती याच कारणानं.

आजोबांची ही युक्ती पुतणीनं उचलली. ॲम्प्लिफायरवरचा सगळ्यात खालचा खर्ज तिनं थोडा कमीच केला, म्हणजे स्पीकरची धाप थांबली. तारा घोडीच्या जवळ छेडू लागली, म्हणजे वरचे सूर उजळले. आणि आवाज? पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही सूर स्पष्ट!

आणखी एक फुकटची युक्ती. पेटी स्टुलावर ठेवू नका. जमिनीवर, भिंतीला लागून ठेवा. चारी दिशांना पांगणारा खर्ज मग जमीन आणि भिंत मिळून तुमच्याकडे वळवतात. आवाज दुप्पट वाटायला वीज साधारण दहापट लागते. ५ वॉटचे ५० वॉट करावे लागतात. त्यापेक्षा पेटी जिन्याच्या खोलीच्या भिंतीला टेकवणं किती स्वस्त!

दुसरी कोजागिरी

आली कोजागिरी. गच्चीवर सतरंज्या पसरल्या. पेटी भिंतीला टेकून, जमिनीवर. गाणं सुरू झालं. काकू पहिल्याच रांगेत. सगळे माना डोलावत होते, पण बासकडे कुणी खास पाहत नव्हतं. पुतणीचा चेहरा जरा पडलेलाच. पुन्हा गेल्या वर्षासारखंच होणार की काय?

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर बॅटरीची एक वायर निसटली आणि पेटी मुकी झाली. बासरी चालू, गिटार चालू, ढोलकी चालू. पण गच्चीवरची माणसं एकदम चुळबुळली. कुणी इकडे पाहिलं, कुणी तिकडे. एक चिमुरडं पोर मोठ्यानं म्हणालं, “आई, गाणं बारीक का झालं?” आणि काकू थेट पुतणीकडे वळून म्हणाल्या, “अगं, तुझं थांबलं का? लाव ना ते!”

वायर पुन्हा जोडायला मिनिटभर लागलं. खर्ज परत आला आणि सगळं गाणं जसं जमिनीवर टेकलं. पुतणी हसत होती, आणि तिचे डोळे मात्र भरले होते.

दोस्तांनो, खर्जाचं असंच असतं. तो असताना कुणी त्याचं नाव घेत नाही, तो गेला की सगळ्यांना कळतं. घरातही अशी माणसं असतात, नाही का? आणि म्हणूनच तो कानठळ्या बसवणारा असण्याची गरज नसते. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींसमोर छाती धडधडते, तेव्हा खर्ज ऐकू येत नसतो, तो आपल्याला नुसता ढकलत असतो. चौघांच्या मैफलीत तो पुरेसा असला की झालं.

करून पाहायचं असेल तर

आई-बाबांना किंवा जाणत्या माणसाला सोबत घ्या. एकट्यानं करू नका.

स्पीकर: मोटारीतला सहा इंची, ४ ओहमचा. जुना चालेल, पडदा फाटलेला नको.

पेटी: १२ मिलिमीटर प्लायवुड, २५ ते ३० लिटर, एकही फट नाही. मेणबत्तीची ज्योत किंवा उदबत्तीचा धूर लावून फटी शोधू नका, आत कापूस आहे! सांध्यांवरून ओला हात फिरवा. खर्ज वाजत असताना फटीतून फुंकर लागते.

बॅटरी: आपत्कालीन दिव्यात असते तशी बंद, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. सरासरी १० वॉट लागले आणि निम्मीच बॅटरी वापरली, तरी चार तास निघतात.

ॲम्प्लिफायर: १२ व्होल्टवर चालणारा छोटा तयार बोर्ड. १२ व्होल्ट आणि ४ ओहमवर साधारण १८ वॉटच्या वर स्वच्छ आवाज मिळत नाही, त्यामुळे खोक्यावर ‘५०० वॉट’ लिहिलेलं पाहून भुलू नका. बास गिटारचा आवाज फार नाजूक येतो, म्हणून मध्ये गिटारसाठीचा छोटा प्रीॲम्प्लिफायर लागतो.

फ्यूज: बॅटरीच्या लाल वायरीवर, बॅटरीच्या अगदी जवळ, ५ अँपिअरचा. तो विसरू नका. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर एवढीशी बॅटरीसुद्धा वायर लाल करते. घरच्या विजेच्या प्लगला यातलं काही जोडायचं नाही आणि मोबाइलची किंवा पॉवर बँकेची बॅटरी फोडायची नाही. आणि वायरीची टोकं घट्ट आवळा. आमच्यासारखी फजिती नको!

बास गिटार नसली तरी हरकत नाही. रिकामं लाकडी खोकं, एक दांडा आणि एक जाड सुतळी घेऊन चहाच्या खोक्याचा बास करून पाहा. त्याला तर वीजही लागत नाही.

मग, पुढच्या कोजागिरीला तुमच्या गच्चीवर काय वाजणार? पेटी केलीत तर आम्हाला पत्रानं जरूर कळवा. पहिल्या फटीत किती खळ भरावी लागली, तेही लिहा!